धक्क्यापर्यंत एकशे चाळीस पावलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, वाइनिकोरोच्या जमिनीचे आणि समुद्राचे धनी, आमचे प्रमुख रातू नेमानी, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आरोग्य कार्यालयाचे डॉक्टर शालेन चंद, डाव्या हाताला असलेले आपले पाद्री एलिकी, दोन्ही वाड्यांचे वडीलधारे, शाळेचे शिक्षक, महिला मंडळाच्या सगळ्या भगिनी, ज्यांनी पहाटेपासून तापल्या दगडांवर डुक्कर आणि अळूचे कंद पुरून ठेवले आहेत आणि ज्यांचं अर्धं लक्ष आत्ताही त्या खड्ड्याकडेच आहे, मागे दाराशी उभी असलेली, ‘आत या’ म्हटलं तरी आत न येणारी मंडळी, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, सिस्टर उनाइसी. तुम्हा सर्वांना माझा वाकून नमस्कार.

कोणी राहिलं का? राहिलं असेल तर हात वर करा, मी परत पहिल्यापासून सुरू करतो. डॉक्टरसाहेब, घाबरू नका, थट्टा केली. तुमच्या शहरात नमस्कार झाला की भाषण सुरू होतं, आमच्याकडे नमस्कार झाला की अर्धं भाषण संपलेलं असतं. चौतीस वर्षं मी या गावाचा मातानिवानुआ आहे. प्रमुख बोलत नाहीत, त्यांच्या वतीने मी बोलतो. लग्न असो, मयत असो, चर्चचं छप्पर उडालेलं असो, तोंड माझं. आणि प्रत्येक वेळी आधी सगळ्यांची नावं, मानाप्रमाणे, एकही न गाळता. ही माझी सवय तुम्ही आज जरा लक्षात ठेवा. तिचं पुढे काम आहे.

तर कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलंय, सिस्टर उनाइसी यांचा निरोप समारंभ. बरोबर आहे. एकोणीस वर्षं आपला दवाखाना सांभाळून त्या गुरुवारच्या बोटीने स्वतःच्या बेटावर परत चालल्या आहेत. पण समोर पहिल्या रांगेत माझी बायको लायसानी बसली आहे. तिचा डावा पाय मांडीपासून नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच गुरुवारच्या बोटीने तीही सुवाला जाणार आहे, आणि तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात तिचा उजवा पाय काढणार आहेत. त्यामुळे मी आज सिस्टरना निरोप द्यायला उभा आहे की त्या पायाला, हे माझं मलाच कळत नाहीये. लायसानी, अशी बघू नकोस. मी तुला विचारून बोलतोय.

एकोणीस वर्षांपूर्वी सिस्टर बोटीतून उतरल्या तो दिवस आठवतो का कोणाला? एका हातात चपला, एका हातात पेटी, पोटरीपर्यंत पाण्यात. आम्ही धक्क्यावर हार घेऊन उभे. मी सुरुवात केली, “सन्माननीय…” आणि बाई माझ्या पायांकडे बघत होत्या! मला वाटलं माझा कमरेचा सुलू सुटला की काय. माझं भाषण संपल्यावर म्हणाल्या, “फार छान बोललात. तुमच्या टाचेला भेग पडलीय, उद्या दवाखान्यात या.”

तिथून गावाने त्यांचं नाव ‘पाय बघणारी’ ठेवलं. घराघरात जायच्या, चटईवर बसायच्या, आणि म्हाताऱ्यांची पावलं मांडीवर घ्यायच्या. आमच्याकडे पाय दुसऱ्याकडे करून बसणं म्हणजे अपमान. प्रमुखांसमोर तर पाय पसरणारा अजून जन्माला यायचाय. आणि ही बाई म्हणते, “पसरा!” आमची म्हातारी मंडळी लाजून लाल झाली. त्या दोन बोटं पावलाच्या वरच्या बाजूला ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. मी विचारलं, “सिस्टर, नाडी मनगटात असते ना?” म्हणाल्या, “मनगटात असते तशी इथेही असते. काय हो गावाचं तोंड, इतकी माणसं मेली या गावात मी यायच्या आधी, कोणाच्या पायाची नाडी बघितली होतीत का कधी?” आता असं बोललेलं आम्ही कोणाचं ऐकून घेतलं असतं? पण त्यांचं बेट आणि आपलं बेट यांचं आज्या-पणज्यांपासून टिंगलीचं नातं. त्यांनी टोमणा मारायचा आणि आपण हसायचं, हे ठरलेलंच.

आता लायसानीबद्दल बोलतो.

ओहोटीला खडकांवरून चालत सगळ्यात लांब जाणारी बाई कोण होती? लायसानी. टोपलीभर ऑक्टोपस घेऊन परत येणारी कोण? लायसानी. आणि सुकीच्या तंबाखूची विडी ओढत ओढत येणारी कोण? तीसुद्धा लायसानीच, आता काय लपवायचं! गावातल्या दहा बायका ओढतात, तीही ओढायची. साखर होतीच अंगात, तिच्या आईलाही होती.

सहा वर्षांपूर्वी तिला एक नवीनच खोड लागली. चर्चला निघाली की घराघरापाशी थांबायची. सालानिएताच्या दारात दोन शब्द, मग फणसाखाली उगीच एक पान उचलून बघायची, मग पुढच्या घरी, “काय गं, कपडे वाळले का?” मी पुढे जाऊन थांबायचो आणि वैतागायचो. एकदा चारचौघांत म्हणालो, “लायसानी, तू प्रार्थनेला चाललीयेस की निवडणुकीच्या प्रचाराला?” सगळे हसले. तीही हसली. तिची पोटरी आवळून येत होती म्हणून ती थांबत होती. दोन मिनिटं उभी राहिली की ओसरायचं, की पुढे चालायची. माणसं तिला बोलघेवडी म्हणायला लागली, आणि तिने ते नाव घेतलं, पण दुखतंय म्हणून सांगितलं नाही. मातानिवानुआची बायको लंगडते असं कोणी म्हणू नये म्हणून.

ओळखलं कोणी? ‘पाय बघणारी’ने. वाटेतच धरलं तिला. “लायसानी, गप्पा नेमक्या तिसऱ्या घरापाशीच का येतात तुझ्या ओठावर?” दवाखान्यात नेलं, दंडाचा दाब घेतला, घोट्याचा घेतला. दंडात दीडशे, घोट्यात पंचाहत्तर. मला बोलावून सांगितलं, “टेकडीवरच्या टाकीतून गावाला पाणी येतं ना? नळीत गाळ साचला की वरच्या वाडीला मिळतं आणि खालच्या वाडीला थेंब थेंब. हिच्या पायाला थेंब थेंब रक्त मिळतंय.” मी म्हटलं, “मग आता?” म्हणाल्या, “विडी आजपासून बंद. या तीन गोळ्या रोज, चुकवायच्या नाहीत. पायाला साधा ओरखडा आला तरी मला दाखवायचा. आणि चालायचं.”

“चालायचं?” मी विचारलं. “दुखतंय म्हणून तर आलो!”

“दुखेपर्यंत चालायचं. दुखलं की थांबायचं, पण उभं राहून. ओसरलं की परत चालायचं. अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. मोठी नळी तुंबली तर बाजूच्या बारक्या नळ्यांना कामाला लावायचं, दुसरं काय.”

बंधू-भगिनींनो, आता मला सांगा, आपल्या गावात दुखणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? पहिला शब्द कोणता? ‘बसा.’ दारात माणूस दिसला की बसा. म्हातारा झाला की बसा, पाणी नातवंडं आणतील. आजारी पडला की बसा, शेजारी जेवण आणतील. बसवणं म्हणजे मान. मी स्वतः चौतीस वर्षं मांडी घालून यांगोनाच्या मुळ्यांचं पेय कालवलेल्या परातीसमोर बसलोय, चार-चार तास, पाय मुंग्यांनी भरून जातात, पण हलायचं नाही. आणि ही परक्या बेटावरची बाई माझ्या बायकोला म्हणते, चाल!

दर मंगळवारी सकाळी किनाऱ्यावर नऊ जणांची रांग निघायची. पुढे सिस्टर, मागे आपली दुखऱ्या पायांची माणसं. चालायची, थांबायची, तोंडं वाकडी करायची, परत चालायची. पोरांनी नाव ठेवलं, लंगड्यांची परेड. एकदा मासे घेऊन येताना मी लायसानीला बघितलं. ऊन कडकडीत, घामाने निथळत होती, ओठ दाताखाली धरलेला, आणि सिस्टर म्हणत होत्या, “अजून दहा पावलं, अजून दहा!” बाजूला यांगोना कुटत बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, “वाइसाकेच्या घरात बायकोला बसायला चटई नाही वाटतं.” माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मी घरून पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि भर रांगेत लायसानीसमोर ठेवली. म्हटलं, “बस.” ती सिस्टरकडे बघत राहिली. सिस्टर म्हणाल्या, “उभी राहा, ओसरेल.” मी म्हटलं, “बस.” ती बसली. पुढच्या मंगळवारी वाटेवरच्या सहा घरांनी खुर्च्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. मायाच होती ती, दुसरं काय म्हणणार? पाद्रीसाहेब, तुम्हीसुद्धा चर्चची एक खुर्ची दिली होतीत. नाही, तुम्हाला दोष देत नाही.

आणि मग ते पत्र गेलं.

पाच वर्षांपूर्वी आरोग्य कार्यालयाला वाइनिकोरोहून एक निनावी तक्रार गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. नर्स म्हाताऱ्या, आजारी बायकांना उन्हात राबवते, गावाच्या रीतीभातीचा मान ठेवत नाही, हिला काळीज नाही. कार्यालयाने चालण्याचा वर्ग बंद केला आणि चौकशी होईपर्यंत सिस्टरना दुसऱ्या बेटावर पाठवलं. चौकशी अकरा महिने चालली. डॉक्टरसाहेब, तुम्ही तेव्हा या जागेवर नव्हता, तुम्हाला बोलत नाही. अकरा महिने आपला दवाखाना बंद होता. महिन्यातून एकदा बोटीने एक कंपाउंडर यायचा, गोळ्या वाटायचा आणि त्याच भरतीला परत जायचा.

पत्र कोणी लिहिलं यावर या गावात किती यांगोना प्यायली गेली! कोणी म्हणालं शाळेचे जुने हेडमास्तर. कोणी म्हणालं सालानिएताचा नवरा, त्याचं आणि सिस्टरचं डुकरांवरून वाजलं होतं. बिचाऱ्याशी त्याचा सख्खा मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता.

त्या अकरा महिन्यांत लायसानी बसली. आम्ही तिला बसवली. पाणी आणू दिलं नाही, खडकांवर जाऊ दिलं नाही, चर्चला हातगाडीत बसवून नेली. बसल्या बसल्या ती परत सुकी ओढायला लागली, मी बघून न बघितल्यासारखं केलं. दुखत नव्हतं ना आता! चालतच नव्हती तर दुखेल कशाला? मी सगळ्यांना सांगत फिरलो, बघा, आरामाने किती गुण आला.

मग पाय गार पडायला लागला. “माशासारखा गार पडलाय हो,” ती म्हणायची. मी जेवणाच्या भट्टीतला एक गुळगुळीत दगड फडक्यात गुंडाळून तिच्या तळव्याला लावला. विचारलं, “चटका बसतोय का?” म्हणाली, “काहीच लागत नाही. अजून जरा ठेवा.” मी ठेवला. फडकं काढलं तेव्हा तळव्याची कातडी फडक्याबरोबर आली, आणि तिला पत्ताच नव्हता. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं असतात असं आपण म्हणतो. मी बायकोच्या पायावर ठेवला, तोही तापवून.

तीन आठवड्यांत बोटं काळी पडली. सुवाला नेईपर्यंत काळं घोट्यापर्यंत चढलं होतं. तिथल्या सर्जनने मला बाहेर बोलावलं, तरुण मुलगी होती, फार हळू बोलली. म्हणाली, “काका, सहा-आठ महिने आधी आला असतात तर नळीत बारीक फुगा घालून वाट मोकळी करायचा प्रयत्न केला असता. कदाचित जमलं असतं.” कदाचित. त्या मुलीने दिलासा द्यायला म्हणून तो शब्द वापरला होता. मी चार वर्षं तो चघळतोय.

सिस्टर परत आल्या तेव्हा धक्क्यावर हार घेऊन कोणी गेलं नाही. लाज वाटत होती सगळ्यांना. बोटीतून उतरून त्या पेटीसकट सरळ माझ्या घरी आल्या. लायसानीच्या डाव्या मांडीचा उरलेला भाग बघितला. चटईवर बसल्या आणि उजवं पाऊल मांडीवर घेतलं. नाडी बोटांना लागेना, तेव्हा पेटीतून रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारं एक छोटं यंत्र काढलं आणि थोडी जेली लावून पावलावर टेकवलं. आधी नुसती खरखर. मग लांबून, अगदी लांबून, हुश्श… हुश्श… हुश्श. सिस्टर म्हणाल्या, “हा अजून बोलतोय गं. घसा बसलाय, पण बोलतोय.” लायसानी त्या दिवशी पहिल्यांदा रडली. पाय कापताना रडली नव्हती.

चार वर्षं, मंडळी. चार वर्षं रोज सकाळी ही बाई माझ्या घरी आली. बोटांच्या बेचक्या बघायची, नखं कापायची, टाचेला खोबरेल लावायची, गोळ्या मोजायची, लायसानीच्या तोंडाचा वास घ्यायची सुकीसाठी. चालण्याच्या वर्गाला परवानगी नव्हती, तर म्हणायची, “मी मंगळवारी फिरायला जाते, माझ्या मागून कोणी आलं तर मी काय करू?” लायसानी प्लास्टिकच्या पायावर आणि काठीवर त्यांच्या मागून जायची. आणि रोज सकाळी सिस्टर माझ्या हातचा चहा पिऊन म्हणायच्या, “वाइसाके, तुमच्या भाषणापेक्षा तुमचा चहा पातळ आहे.” मी हसायचो. पत्र लिहिणारा माणूस त्यांना चहा देत होता.

हो. ते पत्र मी लिहिलं होतं.

बसून घ्या सालानिएताबाई. तुमच्या नवऱ्याने ते लिहिलं नव्हतं. मी दोन वर्षं तुमच्या भावाला त्याच्याशी न बोलताना बघितलं आणि गप्प राहिलो. चौतीस वर्षं या गावासाठी बोलणारा माणूस, आणि जे बोलायचं होतं तेवढंच बोललो नाही.

तीन आठवड्यांपूर्वी लायसानीच्या उजव्या पायाची दोन बोटं निळी पडली. सिस्टरनी यंत्र लावलं. काही नाही. जागा बदलली, घोट्याच्या मागे लावलं. काही नाही. म्हणाल्या, “सेल संपले असतील.” मी माझ्या रेडिओतले सेल काढून दिले. त्यांनी घातले, परत लावलं. मग स्वतःच्या मनगटावर लावून बघितलं. तिथे धडधड, मोठ्याने, सगळ्या घरभर. त्यांनी यंत्र बंद केलं आणि बराच वेळ जेली पुसत बसल्या. सुवाला फोटो पाठवले, तपासणी करून आलो. नळ्या खालपर्यंत तुंबल्यात, फुगा घालायला जागा नाही, जोड द्यायला चांगली नळी उरली नाही. आता कदाचितही म्हणालं नाही कोणी.

गेल्या रविवारी मी लायसानीला सांगितलं. चर्चहून आल्यावर. म्हटलं, “तुला एक सांगायचंय. ते पत्र मी लिहिलं.”

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “माहितीये.”

“कोणी सांगितलं?”

“सिस्टरने. परत आली त्याच दिवशी. तुम्ही चहा ठेवायला गेला होतात तेव्हा. कार्यालयात दाखवलं होतं तिला ते पत्र. म्हणाली, सही नव्हती, पण तक्रार सुरू व्हायच्या आधी साडेसहा ओळी नुसता नमस्कार होता. संचालक, उपसंचालक, त्यांचे कर्मचारी, कार्यालयाची जागा ज्यांची आहे ते जमीनमालक, सगळ्यांना मानाप्रमाणे. एकही गाळला नव्हता.”

हसा, हसा. मीही हसलो असतो. पूर्ण फिजीत निनावी पत्राला एवढा नमस्कार घालणारा मूर्ख एकच आहे.

मी विचारलं, “चार वर्षं तुला ठाऊक होतं, तू बोलली का नाहीस?” लायसानी म्हणाली, “तुम्ही बोलणारे. म्हटलं बघू, हे तुम्ही कधी बोलता.”

म्हणून मी आज बोललो. प्रमुख, तुमची परवानगी न घेता मी एक रीत मोडतोय. चूक करणाऱ्याने मान खाली घालून गप्प बसायचं आणि त्याच्या वतीने दुसऱ्याने देवमाशाचा दात पुढे ठेवून माफी मागायची, ही आपली पद्धत. पण दुसऱ्यांच्या वतीने बोलणारा मीच. माझ्या वतीने बोलायला मी कोणाला आणू? हा दात माझ्या आजोबांचा. लायसानीला मागणी घालताना हाच तिच्या वडिलांसमोर ठेवला होता, नंतर तो फिरत फिरत आमच्याच घरी परत आला. सिस्टर, हा मी तुमच्यासमोर ठेवतो. तुम्हाला काळीज नाही असं मी लिहिलं होतं. माझं चुकलं.

काय म्हणालात? … ऐकू आलं का मागच्यांना? सिस्टर म्हणतायत, “पत्र लिहायला एक पान पुरलं होतं, माफीला सगळी सकाळ घालवलीत.” … आणि? … हं. म्हणतायत, “दात मी घेते. पण मी घेतला म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. माझे अकरा महिने गेले. लायसानीचं काय गेलं ते तिला विचारा.”

विचारलं, सिस्टर. रविवारीच विचारलं. म्हटलं, मी काय करू सांग. सगळ्या गावाला जेवण घालू? चर्चमध्ये उभा राहून सांगू? ती म्हणाली, “सांगायचं तर सांगा. पण गुरुवारी मला उचलून बोटीवर नेऊ नका. हातगाडी नको, तरुण पोरांचे खांदे नकोत. मी चालत जाणार.”

मी सिस्टरकडे गेलो. विचारलं, दुखेल का? म्हणाल्या, फार दुखेल. मी म्हटलं, पायाला धोका नाही ना? म्हणाल्या, “कुठल्या पायाला, वाइसाके?”

माझ्या घरापासून धक्क्यापर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत. माझी. काल मोजली. तिची जास्त भरतील.

आता आभार. अध्यक्षांचे, की त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. डॉक्टरसाहेबांचे, की ते एवढ्या लांबून आले. सिस्टरच्या जागी कोण येणार असं मघाशी विचारलं तर ते म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. आम्ही वाट बघू. मंगळवारच्या रांगेत नऊ होते, त्यातले आता तिघं चालते उरलेत. त्यांनी पुढच्या मंगळवारी आपापलं निघावं, पुढे कोणी नसलं तरी. महिला मंडळाचे आभार, खड्डा उघडायची वेळ झालीय, वास इथपर्यंत आला. आणि सिस्टर, तुमचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे ते मला येत नाही. एकोणीस वर्षं तुम्ही आमचे पाय मांडीवर घेतलेत आणि आम्ही लाजत राहिलो. उजवा पाय तुम्ही चार वर्षं ओढून आणलात. नाहीतर तोही केव्हाच गेला असता.

भाषणाच्या शेवटी माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या, असं मी दर वेळी म्हणतो आणि तुम्ही दर वेळी घेता. आज मी तसं म्हणत नाही. बोलण्यातल्या चुका तुम्ही चौतीस वर्षं पोटात घातल्यात, लिहिण्यातली ही एक माफ न करता तुमच्यापाशी राहू द्या. फक्त एक मागणं आहे.

गुरुवारी सकाळी, भरतीच्या आधी, सगळ्यांनी आमच्या वाटेवर या. लायसानी वीस पावलांवर थांबेल. तोंड वाकडं होईल तिचं. कदाचित ओरडेलही. तुम्हाला धावत जावंसं वाटेल, आणि तुमच्या ओठावर तो शब्द येईल, लहानपणापासून शिकलेला. तो गिळा. तिला उभी राहू द्या. ओसरू द्या. मग ती परत चालेल. बोट थांबेल, कप्तानाशी मी बोललोय.

सगळ्यांनी या. येताना खुर्च्या आणू नका.